न पाहिलेला पहिला अंक

दुसरा अंक मी पडदा उघडल्यापासून पडदा पडेपर्यंत पापणी न हलवता बघितला. त्यात माझी बायको नव्हती. ती पहिल्या अंकात होती, आणि पहिला अंक चालू असताना मी नाट्यगृहाच्या बंद दाराबाहेर एका म्हाताऱ्या डोअरकीपरशी भांडत होतो. ही नव्वदनंतरची, कोल्हापुरातली गोष्ट. तो डोअरकीपर कधीच निवृत्त झाला, दारंही बदलली म्हणतात. माझा राग मात्र आहे तिथंच आहे. राग सोडून देणारा माणूस मी नाही. सोडला असता तर धंद्यात टिकलो नसतो.

माझा जन्म मुरगूडचा. घरची जमीन नव्हती, शिक्षण अर्धवट. ढकलगाडीवर भंगार गोळा करत सुरुवात केली आणि पुढं शिवाजी पेठेतल्या एका बोळात स्वतःचं दुकान थाटलं. गुऱ्हाळांचं जुनं सामान घ्यायचं आणि विकायचं, हा माझा धंदा. ऊस गाळायचे चरक, रस उकळायच्या भल्यामोठ्या काहिली, इंजिनं. त्या वर्षांत ऊस कारखान्याकडं वळला होता आणि गावोगावची गुऱ्हाळं बंद पडत होती. दुसऱ्याची भट्टी विझली की याची चूल पेटते, असं लोक माझ्या पाठीमागं म्हणायचे. म्हणेनात का. त्यांच्यातल्या कुणी माझ्या ढकलगाडीला हात लावला नव्हता.

सौदा करण्यात मला कुणी हरवलेलं नाही. माझी रीत साधी होती. आधी गोडीनं बोलायचं, मग आवाज चढवायचा, आणि तरी समोरचा हलला नाही तर पायात चपला घालून सरळ दाराकडं चालू लागायचं. मी दारापर्यंत पोहोचलो की मागून हाक यायचीच. यायचीच म्हणजे यायचीच.

बायकोचं माहेर निपाणीकडचं. आईला अव्वा आणि थोरल्या बहिणीला अक्का म्हणणारं घर. मराठी ती आमच्यासारखंच बोलायची, पण सुराला कानडी वळण होतं. वाक्य संपता संपता वर जायचं, जणू प्रत्येक गोष्ट ती विचारतेच आहे. लग्नानंतर माझ्या बहिणींनी त्या सुराची नक्कल करून तिला पुरतं गप्प करून टाकलं. माणसांत ती बोलायची नाही. बोलायची ती नळावर. तिथं तिची घागर कुणी मागं सारली की अख्ख्या बोळाला ऐकू जायचं.

आमच्याच बोळात एक शाळामास्तर राहायचे. शाळा सुटली की हौशी मंडळींना घेऊन नाटकं बसवायचे. एका सकाळी त्यांनी तिला नळावर ऐकलं आणि घागर घेऊन ती घरात शिरायच्या आत ते माझ्या दुकानात हजर झाले.

"वहिनींना नाटकात काम करू द्याल का? हौशी स्पर्धा आहे."

"तिला? ती माणसांत तोंड उघडत न्हाय."

"नळावर उघडतात की."

"काम काय हाय?"

"आईचं. गावाकडची आई मुलाच्या घरी शहरात येते."

"रडायचं हाय काय त्यात?"

मास्तर जरा विचारात पडले. "नाही. रडायचं अजिबात नाही."

"मग घ्या," मी म्हटलं. चार लोकांनी तिकीट काढून माझ्या बायकोला रडताना बघावं, हे मला चाललं नसतं. बाकी माझी काही अट नव्हती.

तालमी शाळेच्या हॉलमध्ये व्हायच्या. ती काय करते, काय बोलते, याचा तिनं मला पत्ता लागू दिला नाही. गोष्ट काय आहे म्हणून विचारलं तर म्हणायची, "बगायलाच या की. सगळं आधीच सांगितलं तर तुम्ही आरामात मागनं येशीला."

यात टोमणा होता आणि तो बरोबर होता. नाटकाला मी कधी वेळेवर गेलोच नव्हतो. ती पोरांना घेऊन पुढं जायची आणि मी दुकान आवरून मागून. आमच्याकडं त्यात कुणाला वावगं वाटायचं नाही. डोअरकीपर बॅटरीचा गोल उजेड पायांपुढं टाकत रांगेपर्यंत न्यायचा, बसलेली माणसं गुडघे वळवून वाट द्यायची, आणि खुर्चीत टेकलं की शेजारच्याला विचारायचं, "काय काय झालं वो?" मग शेजारचा, ओळखीचा असो वा नसो, मागचं सगळं सांगायचा, तेही अशा आवाजात की स्टेजवरच्यांनाही आपण काय काय केलं ते कळावं. अशी मी कितीतरी नाटकं बघितली. कुठल्याही नाटकाची सुरुवात मला माहीत नव्हती आणि कधी अडलंही नव्हतं.

स्पर्धेत तसं चालत नाही, हे मला कुणीही सांगितलं नाही. मास्तरांनी सांगितलं नाही, तिनंही नाही. माझी तक्रार तिथून सुरू होते.

प्रयोगाच्या दिवशी मी मुरगूडच्या अलीकडं एका गुऱ्हाळावर काहिल उचलायला गेलो होतो. सौदा आदल्याच दिवशी ठरला होता, नुसतं सामान ट्रकमध्ये घालायचं बाकी होतं. दुपारी परत येऊन, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघायचा माझा बेत होता. गेलो तर गुऱ्हाळाचा म्हातारा मालक विझलेल्या भट्टीच्या काठावर बसलेला. शेजारी नारळ, हळदीकुंकू.

"जरा थांबा पावणं," तो म्हणाला. "थोरला यायचा हाय."

त्यांच्यात रीत होती. काहिल भट्टीवर पहिल्यांदा चढवताना घरातल्या सगळ्यांचा हात लागतो, तसा ती कायमची उतरवतानाही लागला पाहिजे. सुना, नातवंडं, धाकटा, सगळे जमले होते. थोरला कागलजवळच्या कारखान्यात कामाला होता आणि पाळी सुटल्याशिवाय येणार नव्हता.

माझी नेहमीची रीत मी वापरू शकलो असतो. चपला घालायच्या आणि चालू लागायचं. पण त्या म्हाताऱ्याला विकायचंच नव्हतं, विकावं लागत होतं. अशा माणसाला मी दाराकडं चालून दाखवत नाही. मी उसाच्या वाळक्या चिपाडांच्या ढिगावर बसून राहिलो. सुनेनं चहा दिला, तो घेतला. ऊन उतरत गेलं तरी थोरला येईना. शेवटी तो सायकलवर धापा टाकत आला, हात न धुताच काहिलीला लावला आणि बापाकडं न बघता बाजूला झाला. नारळ फुटला. आम्ही काहिल उचलली.

ट्रकनं आम्ही कोल्हापुरात शिरलो तेव्हा दिवे लागले होते. घरी जायला वेळ नव्हता. ड्रायव्हरला माल दुकानाकडं न्यायला सांगून मी वाटेतच उतरलो आणि पळत नाट्यगृह गाठलं. हातांना काहिलीची काजळी, शर्टाला वंगण. बाहेर चिटपाखरू नव्हतं. दारापाशी खाकीतला डोअरकीपर स्टुलावर बसला होता.

"मामा, दार उघडा."

"आता न्हाय. तिसरी घंटा झाली."

"झाली असंल की. मी गुमान अंधारात जाऊन बसतो."

"स्पर्धा हाय पावणं. परीक्षक बसल्यात. मध्यंतरापतोर कुणाला सोडायचं न्हाय."

"माझी बायको हाय आत."

"आत सगळ्यांच्याच बायका हायत."

"तसं न्हवं. स्टेजवर हाय!"

त्यानं बॅटरी माझ्या तोंडावर मारली, मग हातांवर, मग शर्टावर. "मग तर अजिबात न्हाय," तो म्हणाला. "असलं ध्यान तिला दिसलं तर पाठ केल्यालं इसरंल."

मी गोडीनं बोललो. गुऱ्हाळ, म्हातारा, थोरला, सगळं सांगितलं. त्यानं मान हलवत ऐकलं आणि म्हणाला, "वाईट झालं." पण उठला नाही. मग मी आवाज चढवला.

"एका माणसाला आत सोडायला काय लागतंय तुमाला?"

"दार उघडाय लागतंय," तो म्हणाला. "तेच उघडायचं न्हाय."

शेवटी मी पाठ फिरवली आणि तरातरा पायऱ्या उतरून चालू लागलो. फाटकापर्यंत गेलो. मागून हाक आली नाही. वळून बघितलं तर तो पायातली चप्पल काढून टाच खाजवत होता. मग माझं डोकं फिरलं. परत वर आलो आणि चालत्या इंजिनाशेजारी उभं राहून जसं बोलावं लागतं तशा आवाजात ओरडलो, "माझी बायको हाय आत! सगळ्या गावानं बगायची आणि मी न्हाय? माझी बायको हाय, माझी!" दारावर दोन्ही हात आपटले. काजळीचे पंजे उठले.

तेवढ्यात डोअरकीपर ताडकन उठला आणि त्यानं माझं मनगट धरलं. "गप. ऐका."

आतून इतका वेळ बोलण्याची, हसण्याची गजबज ऐकू येत होती, ती थांबली होती. आत काहीच होत नव्हतं. कुणी खोकतही नव्हतं. आम्ही दोघं दाराला कान लावून उभे. ती शांतता संपेचना. मला वाटलं वीज गेली, किंवा काहीतरी बिघडलं. मग कुणीतरी काहीतरी बोललं. एकच वाक्य, तेही शब्द कळले नाहीत. आवाज ओळखीचा वाटला नाही. आणि मग टाळ्या सुरू झाल्या. पाऊस पत्र्यावर पडावा तशा पडतच राहिल्या.

"कोण बोललं?" मी विचारलं.

"मला काय ठावं?" तो म्हणाला. "मीबी भायेरच हाय की."

मध्यंतर झालं. दारं उघडली आणि माणसं चहाला बाहेर पडू लागली तसा मी त्यांच्या उलट आत घुसलो. काही बायका डोळे पुसत होत्या. पडद्यामागं जाऊ देईनात, म्हणून खुर्ची धरून बसलो. शेजारी एक टोपीवाले गृहस्थ होते. मी आमच्या रीतीप्रमाणं विचारलं, "काय काय झालं वो?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "काय सांगू?" ते म्हणाले. "सांगण्यासारखं न्हाय ते. बगायचं होतं."

आयुष्यात तेवढ्या एकाच वेळी शेजारच्यानं मला मागचं सांगायला नकार दिला.

दुसरा अंक सुरू झाला. शहरातलं एक घर, सोफा, दाराला घंटी. घंटी वाजली की मी ताठ होऊन बसायचो. धोबी आला. मग शेजारीण आली. मग मुलाचा साहेब. पुन्हा घंटी वाजली, आता तीच, असं म्हणून मी पुढच्या खुर्चीची पाठ धरली, तर कुणीतरी तार घेऊन आला होता. कोपऱ्यात एक स्टूल होतं. त्यावर कुणी बसत नव्हतं आणि सगळे त्याला वळसा घालून चालत होते. हळूहळू त्यांच्या बोलण्यावरून मला कळत गेलं की आई आली होती, पहिल्याच अंकात परत गेली होती आणि आता ती येणार नव्हती. पण माझा विश्वास बसेना. मास्तर काहीतरी युक्ती करतील, शेवटी एकदा तरी तिला आणतील, असं मला पडदा पडेपर्यंत वाटत होतं. पडदा पडला.

ती नाट्यगृहाच्या अंगणात आली तेव्हा तिच्या कपाळावर रंगाचे पट्टे राहिले होते. भोवती पेठेतली माणसं, कुणी हात जोडत होतं, कुणी नुसतं बघत होतं. गर्दीतून तिनं मला बघितलं आणि विचारलं, "कसं झालं?"

"तू दुसऱ्या अंकात का न्हाईस?" मी म्हणालो.

लोक हसले. त्यांना वाटलं मी कौतुक करतोय. ती हसली नाही. तिनं माझे काळे हात बघितले, शर्ट बघितला आणि म्हणाली, "दुपारी काय खाल्लंय का न्हाय?"

तिला अभिनयाचं बक्षीस मिळालं. नाटक मात्र पुढच्या फेरीत गेलं नाही. मुलाचं काम करणारा बँकेत होता, त्याची बदली झाली. सुनेचं काम करणारी लग्न होऊन गेली. नाटक तिथंच संपलं, म्हणजे माझ्यासाठी कायमचं संपलं.

पेठेत मात्र ते संपलं नव्हतं. तिचं एक वाक्य सगळ्यांच्या तोंडात बसलं होतं. आई मुलाच्या घरी येते, घरात पाहुणे जमलेले, हास्यविनोद चाललेला. ती कोपऱ्यात उभी राहते, पण कुणाचं लक्ष जात नाही. आणि पुष्कळ वेळानं ती म्हणते, "पाणी तरी इचारा की." एवढंच. पण आमच्या बोळात कुणी कुणाच्या दारात गेलं की तेच म्हणायचं. हॉटेलात वेटर लवकर आला नाही की तेच. कुस्तीच्या तालमीतली पोरं मला बघून तेच म्हणायची आणि हसायची. मी सोडून सगळ्यांनी ते ऐकलेलं होतं.

मी तो पहिला अंक गोळा करायला लागलो. मोडक्या चरकाचे सुटे भाग चार गावांतून आणून मी चालता चरक उभा करायचो, हे तर नुसतं नाटक होतं. पिठाच्या गिरणीवाल्याला विचारलं, टेलरला विचारलं, मुलांच्या शाळेतल्या बाईंना विचारलं. ती कुठल्या बाजूनं आली? हातात काय होतं? गिरणीवाला म्हणाला, डोक्यावर गाठोडं होतं. टेलर म्हणाला, छे, काखेत होतं आणि पदर फाटलेला होता. बाई म्हणाल्या, गाठोडं नव्हतंच, हातात कोथिंबिरीची जुडी होती. एक म्हणाला ती बसली होती, टेलर म्हणाला शेवटपर्यंत उभी. पाहुण्यांचे संवाद मात्र मला पाहुणा झालेल्या बँकेतल्या एकानं पूर्ण सांगितले, ते पाठ झाले. एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. ती पुष्कळ वेळ काहीच बोलली नाही, आणि ते जे न बोलणं होतं ते तसं पुन्हा कुणी कुठल्या नाटकात बघितलं नाही.

घरी मी तिला म्हटलं, "एकदा करून दाखव की."

"तसं न्हाय हुईत. समोर माणसं लागत्यात."

"मी हाय की माणूस."

"तुम्ही गिऱ्हाईक हाय," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

मग मी मास्तरांकडं गेलो. म्हटलं, नाट्यगृहाचं भाडं, पडदे, कपडे, बदली होऊन गेलेल्याचा येण्याजाण्याचा खर्च, सगळं माझं. एक प्रयोग करा. मास्तर हसले. मला ते हसणं लागलं. ते म्हणाले, "तुम्ही सगळं नाट्यगृह घेतलंत तरी तो प्रयोग मिळायचा नाही. वहिनींनीच मला सांगितलंय, पुन्हा होणार नाही." का, ते त्यांनी सांगितलं नाही. मी चपला घातल्या, दाराकडं गेलो. मास्तरांनीही हाक मारली नाही. त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. बोळात समोरून आले तर मी दुकानातल्या सामानाकडं बघायचो. दिवाळीत ती एकटीच त्यांच्या घरी फराळाचं ताट घेऊन जायची.

तिला नंतर पुष्कळांनी बोलावलं. नाटकात, एकांकिकेत, एकदा तर दुसऱ्या गावच्या मंडळींनी घरी येऊन विनवण्या केल्या. "एकदा केलं, बास झालं," एवढंच ती म्हणायची. मी म्हणायचो, कर की. आता मी दुकान बंद ठेवून पहिल्या रांगेत बसतो. तरी नाही.

पुढं गुऱ्हाळांचं सामानही संपत आलं. मी धंदा बदलला, शेतीचे पंप विकू लागलो, राजारामपुरीत दुकान आणि वर फ्लॅट घेतला. मुलं कॉलेजात गेली. नाटकाला मी आता घंटेच्या कितीतरी आधी जाऊन बसायचो. मागं दार उघडून कुणी बॅटरीच्या उजेडात आत आलं, शेजारी टेकलं आणि विचारलं, की मी सांगायचो नाही.

एका वर्षी मास्तर गेले. रविवारी सकाळी त्याच नाट्यगृहात शोकसभा होती. मी जाणार नव्हतो. ती म्हणाली, "तुमचं भांडण त्यांच्यासंगट होतं. ते संपलं की आता." म्हणून गेलो. स्टेजवर टेबल, त्यावर मास्तरांचा हार घातलेला फोटो. आम्ही मधल्या रांगेत बसलो.

एकेक जण बोलत गेला. मग मुलाचं काम करणारा, बदली होऊन गेलेला तो बँकवाला उभा राहिला. आता टक्कल पडलं होतं, पोट सुटलं होतं. त्यानं आमच्या नाटकाचा विषय काढला आणि कंबर वाकवून, आवाज कापरा करून म्हणून दाखवलं, "पाणी तरी इचारा की!" लोक हसले, टाळ्या वाजवल्या.

"असं म्हणालीस तू?" मी तिला विचारलं.

"न्हाय."

"मग मी उठून सांगतो त्याला."

"गप बसा. आज मास्तरांचा दिवस हाय."

तो पुढं सांगत होता. "पण वाक्याआधी वहिनी थांबल्या. तालमीत एवढ्या कधीच थांबल्या नव्हत्या. मला वाटलं, विसरल्या. मी हळूच त्यांचं वाक्य पुटपुटलो, तरी नाही. बघतो तर त्यांची नजर पार समोर, त्या दाराकडं. मास्तर विंगेतून मला हातानं खुणावत होते, बोलू नकोस, मोडू नकोस. असं थांबणं शिकवून येत नाही."

पुन्हा टाळ्या. ती मांडीवरच्या पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती. टाळ्या थांबल्यावर ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुमचा आवाज आलता."

"कवा?"

"तवाच. मी बोलायला तोंड उघडलं आणि भायेरनं तुमी. माझी बायको हाय, माझी बायको हाय."

"आत ऐकू येत होतं?"

"बाकीच्यांस्नी नुसती गलबल वाटली असंल. मला ठावं की तुमचा आवाज. मला वाटलं, आता उघडत्यात दार. तुमी आत आलासा की बोलू. म्हणून थांबलो. ह्यो समोरनं डोळं वटारतोय, मास्तर तिकडनं, आणि मी दाराकडं बगतोय. मग दार वाजायचं थांबलं. मला वाटलं, गेलं हे. मग म्हटलं आपलं वाक्य."

"मी गेलो न्हवतो. तिथंच होतो. दाराला कान लावून."

"ते मला काय ठावं?"

"आणि हे इतकी वर्षं सांगितलं न्हाईस?"

"बक्षीस दिलं की त्याचं लोकांनी," ती म्हणाली. "काय सांगायचं? मास्तर म्हणाले, पुन्हा असंच करायचं. त्यांस्नी सांगितलं, ते पुन्हा हुणार न्हाय. ते काय काम न्हवतं."

सभा संपली. माणसं चहाला बाहेर गेली, बोलण्याचा आवाज दाराबाहेर सरकत गेला. मी तिला उठू दिलं नाही.

"वर जा," मी म्हटलं.

"कुठं?"

"स्टेजवर. एकदाच."

"खुळं झालायसा काय? कोण बगितलं तर?"

"सगळी भायेर हायत."

"ह्या वयात?"

"तवा वय कमी पडत होतं. आता म्हातारीच्या कामाला बरोबर हायस."

ती हसली. आणि काय वाटलं कुणास ठाऊक, पर्स काखेला अडकवून बाजूच्या पायऱ्यांनी वर गेली. मास्तरांच्या फोटोला हात जोडले आणि डाव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. बसली नाही, उभीच राहिली. निदान टेलरचं तेवढं खरं होतं.

मी खालून पाहुण्यांचे संवाद म्हटले. एकाचा, दुसऱ्याचा, मुलाचा, सुनेचा, आवाज न बदलता, पाढे म्हणावेत तसे. शेवटचा संवाद म्हणून मी थांबलो. तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिथंच होतो, मधल्या रांगेत, पूर्ण उजेडात, आणि दार सताड उघडं होतं.

"पाणी तरी इचारा की," ती म्हणाली.

शब्द स्पष्ट होते. वाक्य शेवटी वर गेलं, माहेरच्यासारखं. इतकी वर्षं जे ऐकायचं राहिलं होतं ते मी ऐकलं. ते एक वाक्य होतं. नळावरचं, स्वयंपाकघरातलं, कुठलंही. तिलाही ते कळलं. तिनं मान हलवली.

"न्हाय," ती वरून म्हणाली. "तवा तुमी भायेर हुता."

बाहेर कुणीतरी कपबशा गोळा करत होतं. ती कोपऱ्यातून हलली नाही, आणि मीही तिला खाली ये म्हणालो नाही.